अपग्रेड झालं आणि नेटवर्क गेलं : तुमचे अनुभव लिहा

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली, मशीन नीट सुरू झालं, नेटवर्क मात्र गायब. हे इतक्या जणांच्या वाट्याला येतं, आणि त्यातले इतके जण थेट नवीन नेटवर्क कार्ड विकत घ्यायला निघतात, की हा धागा काढावासा वाटला. माझं मत ठाम आहे. कार्ड अपग्रेडच्या आधी चालत होतं तर बहुतेक वेळा ते आजही धडधाकट असतं. बदललेलं असतं ते त्याचं नाव, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा त्याला जोडलेली सेटिंग्ज. तुमच्याकडे नेमकं काय बदललं आणि ते कुठे दिसलं, ते लिहा. "रीस्टार्ट केलं, झालं चालू" एवढ्याने पुढच्या माणसाला काही मदत होत नाही.

सुरुवात माझ्यापासून. विंडोज १० वरून ११ वर नेलेला डेस्कटॉप, आयपी पत्ता हाताने भरलेला, नेटवर्कवर डीएचसीपी (मशीनला आपोआप पत्ता देणारी सोय) नाही. अपग्रेडनंतर 'आयपीकॉन्फिग' (पत्ता दाखवणारी आज्ञा) चालवलं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. हा आकडा दिसला की बरं वाटायला हवं! कार्ड जिवंत आहे, केबल लागलेली आहे, फक्त पत्ता देणारं कुणी भेटलं नाही म्हणून मशीनने आपला आपण एक पत्ता घेतला आहे. अडॅप्टरचं नाव 'इथरनेट २' झालं होतं, म्हणजे तेच कार्ड नवीन समजून त्याला कोरी सेटिंग्ज मिळाली होती. जुना पत्ता भरायला गेलो तर सूचना आली, की हा पत्ता दुसऱ्या एका अडॅप्टरला दिलेला आहे आणि तो अडॅप्टर आता संगणकात नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडून व्ह्यू मेनूतलं 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडलं. नेटवर्क अडॅप्टर्सखाली त्याच कार्डाची आणखी एक नोंद उमटली, फिकट चिन्हाची. ती अनइन्स्टॉल केली, मग पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस पुन्हा भरलं. काम झालं.

* * *

माझा अनुभव लिनक्स सर्व्हरचा, आणि तोही दुरून सांभाळायच्या. अपग्रेड करून रीबूट दिला आणि एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) परत आलंच नाही. कन्सोलवर (सर्व्हरच्या थेट पडद्यावर) जाऊन 'आयपी लिंक' पाहिलं तर दोन्ही पोर्ट हजर, पण 'डाउन'. नीट बघितल्यावर नाव वेगळं दिसलं. आधी ईएनपी३एस०एफ० होतं, आता त्याच्या शेपटीला एनपी० लागलं होतं.

कारण असं. २०१३ मध्ये सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाला ईटीएच० असं क्रमाने नाव देण्याऐवजी ते मदरबोर्डवर कुठे बसलं आहे त्यावरून नाव देतात. ईएनपी३एस० म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. कार्ड सापडण्याचा क्रम बदलला तरी नाव बदलू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) नवा ड्रायव्हर पोर्टचं नाव कळवायला लागला, की तेही त्या नावात जोडलं जातं. नेटवर्क सेटिंग्जच्या नेटप्लॅन फाइलीत नाव जुनंच, त्यामुळे ती सेटिंग्ज कुणालाच लागू होत नव्हती.

आता मी नावावर विसंबत नाही. नेटप्लॅनमध्ये 'मॅच'खाली मॅक अॅड्रेस (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) देते, किंवा सिस्टिमडीची डॉट लिंक फाइल करून त्यात मॅकवरून स्वतःचं नाव ठरवते, लॅन०, वॅन० असं. ईटीएच० हे नाव मुद्दाम टाळते, कारण कर्नल स्वतः तीच नावं वाटतो आणि मग दोघांची टक्कर होते. तूर्त जुनंच नाव परत हवं असेल तर बूटच्या ओळीत 'नेट.नेमिंग-स्कीम' देऊन जुन्या आवृत्तीची पद्धत कायम ठेवता येते. आणि दुसऱ्या वाटेने कन्सोल मिळणार नसेल तर दूरच्या सर्व्हरचं अपग्रेड सुरूच करू नये, असं मला मनापासून वाटतं.

* * *

ताई, यात एक भर घालतो. बाँड (अनेक कार्डांचं एकत्र केलेलं कनेक्शन) किंवा व्हीलॅन (एका कार्डावरचं वेगळं आभासी नेटवर्क) असेल तर त्यांचा मॅक मूळ कार्डासारखाच असतो, मग डॉट लिंक फाइल भलत्याच इंटरफेसला लागू शकते. तिथे 'मॅक अॅड्रेस'ऐवजी 'पर्मनंट मॅक अॅड्रेस' लिहावं.

* * *

माझी केस थोडी वेगळी, कारण नेटवर्क गेलं नव्हतं. पिंग व्यवस्थित, छोटी पानं उघडत होती, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग अगदी रांगायला लागायचा. असल्या तक्रारीला लोक "नेट स्लो आहे" म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण याचं उत्तर जवळच असतं.

आमचा जुना मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारा) स्विच. त्याच्या पोर्टवर १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) असं पक्कं केलेलं, आणि कार्डाच्या 'अॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स'लाही तेच. अपग्रेडबरोबर कार्डाचा ड्रायव्हर बदलला आणि ते सेटिंग मूळपदावर, म्हणजे 'ऑटो निगोशिएशन'वर (दोन्ही बाजूंनी आपसांत बोलून वेग ठरवणं) गेलं. आता गंमत बघा. एक बाजू ऑटोवर आणि दुसरी बाजू काही बोलतच नाही अशी स्थिती आली, की ऑटोवाली बाजू सिग्नलवरून वेग ओळखते, पण डुप्लेक्स ओळखायला तिच्याकडे काही साधन नसतं. मग नियमाप्रमाणे ती हाफ डुप्लेक्स धरते. म्हणजे स्विच बोलता बोलता ऐकतोय आणि कार्ड मात्र एका वेळी एकच करतंय. थोडा डेटा असेल तोवर निभावून जातं. दोन्हीकडून भरभरून यायला लागला की टक्कर, पुन्हा पाठवणं, पुन्हा टक्कर. स्विचवरचे काउंटर उघडले तर सीआरसी एररचा (खराब होऊन पोचलेल्या डेटाचा) आकडा डोळ्यांदेखत वाढत होता.

उपाय एकच, दोन्ही बाजू ऑटोवर. एक बाजू पक्की आणि दुसरी ऑटो, असं कधीच ठेवू नका. गिगाबिट तांब्याच्या केबलवर तर ऑटो निगोशिएशन सक्तीचंच आहे. आणि ऑटोवर असूनही १००० ऐवजी १०० च दिसत असेल तर आधी केबल बदलून बघा. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली असेल तर वेग खाली येतो आणि दोष अपग्रेडच्या माथी जातो.

* * *

लॅपटॉप, डेबियन ११ वरून १२. वायफायचं चिन्हच नाहीसं. 'एलएसपीसीआय -के' या आज्ञेच्या यादीत कार्ड दिसत होतं, 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) लाल अक्षरांत फर्मवेअर (कार्डात भरायचं सॉफ्टवेअर) फाइल सापडत नसल्याची ओळ. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने फर्मवेअरची पॅकेजेस 'नॉन-फ्री'मधून काढून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात ठेवली. सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलीत) हा शब्द जोडला नाही तर नवी फर्मवेअर येतच नाहीत. 'एपीटी अपडेट' तशी सूचनाही देतं, पण भराभर सरकणाऱ्या ओळींत ती नजरेतून सुटते.

आता नेट नसताना पॅकेज आणायचं कुठून? फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू केलं. संगणकाला ते साधं वायर्ड नेटवर्क वाटतं आणि वेगळं फर्मवेअर लागत नाही. ओळ दुरुस्त केली, पॅकेज बसवलं, रीबूट. वायफाय परत.

* * *

लिनक्सवरच्या यूएसबी वायफायवाल्यांसाठी. ड्रायव्हर बाहेरून आणून डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा तयार करणारं साधन) बसवलेला असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो पुन्हा कंपाइल व्हावा लागतो. नव्या कर्नलचे हेडर (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) नसतील तर तो होत नाही. माझ्याकडे तो कंपाइल झाला, तरी लोड होईना. 'मॉडप्रोब'चं उत्तर : 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल'. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू होतं आणि मॉड्यूलवर (ड्रायव्हरच्या फाइलीवर) ओळखीची सही नव्हती. 'मोकयूटिल'ने सहीची की आयात केली, तात्पुरता पासवर्ड दिला, रीबूट केल्यावर निळा पडदा आला, तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड टाकला. हा निळा पडदा थोडा वेळच थांबतो, त्यामुळे समोर बसून राहा. त्याआधी एक मात्र तपासा. तुमच्या चिपचा ड्रायव्हर आता कर्नलमध्येच आला असेल. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी वायफायसाठी तो कर्नल ६.२ पासून आहे, मग ही खटपटच नको.

* * *

नेट मधूनमधून तुटत असेल, विशेषतः मशीन झोपेतून उठल्यावर, तर विंडोजमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी टिक असते. अपग्रेडनंतर ती पुन्हा लागलेली सापडली. काढली.

* * *

फोनही यात आणू का? अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक दाखवतो. आयफोनवर हे २०२० मध्ये आयओएस १४ ने आणलं. माझ्या राउटरमध्ये मॅकवरून पत्ते राखून ठेवलेले आणि अनोळखी मॅकला मज्जाव. फोन अपग्रेड झाल्यावर "जोडता येत नाही" एवढंच दिसायचं. राउटरच्या नोंदीत अनोळखी मॅक पाहून कारण कळलं. घरच्या वायफायपुरतं 'फोनचा मूळ मॅक वापरा' केलं. सगळीकडे बंद करू नका, बाहेरच्या वायफायवर ती सोय आपल्याच भल्याची आहे.

* * *

फोन आणलात ते बरं झालं, तोच घोळ लॅपटॉपच्या वायफायवरही होतो.

एक विनंती सगळ्यांना. विंडोजमधलं 'नेटवर्क रिसेट' पहिल्याच झटक्यात दाबू नका. ते सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, साठवलेले वायफाय पासवर्ड आणि हाताने भरलेले पत्ते जातात, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागतं. आधी 'आयपीकॉन्फिग /ऑल'चं उत्तर फाइलीत साठवा. मग कार्डाच्या प्रॉपर्टीजमधली यादी बघा. तिथे जुन्या अँटिव्हायरसचा किंवा व्हीपीएनचा फिल्टर अजून टिक केलेला असेल तर ती टिक काढून बघा. माझ्या दुसऱ्या एका मशीनवर तेवढ्यानेच नेट परत आलं, रिसेटची गरज पडली नाही.