पीकेयू आणि वाढलेले वजन: पातळी न चढवता कमी कसे करावे?

इंद्रायणीकाठ (विचारणा)

नमस्कार. माझे वय २७ वर्षे असून मला क्लासिकल, म्हणजे तीव्र प्रकारचा पीकेयू (फिनाइलकीटोन्युरिया) आहे. या जन्मजात आजारात प्रथिनांतील फिनाइलॲलनिन हा घटक शरीराला नीट वापरता येत नाही, तो रक्तात साचतो आणि उपचार न झाल्यास मेंदूला अपाय करतो. थोरल्या भावाचे निदान तो चार वर्षांचा झाल्यावर झाले आणि त्याच्यामुळे माझे रक्त जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यात तपासले गेले. मी आज हा प्रश्न स्वतः लिहू शकते, ते त्यामुळेच. दिवसाला ३५० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन, म्हणजे नेहमीच्या अन्नातून साधारण ७ ग्रॅम प्रथिने, ही माझी मर्यादा आहे. बाकीची गरज तीन वेळा घेतलेल्या फॉर्म्युल्यातून, म्हणजे फिनाइलॲलनिन वगळून केलेल्या प्रथिनांच्या पावडरीतून, भागते.

बैठ्या नोकरीच्या तीन वर्षांत माझे वजन ५८ किलोवरून ६९ किलोवर गेले. उंची १५४ सेंटिमीटर आहे. मध्यंतरी मी स्वतःच्याच मनाने रात्रीचे जेवण बंद केले आणि दुपारचा फॉर्म्युलाही सोडला, कारण डब्यावर छापलेले उष्मांक डोळ्यांत भरले, शिवाय महागडा डबा चार दिवस जास्त पुरेल हाही हिशेब मनात होता. तीन आठवड्यांत ३ किलो उतरले; मात्र रक्तातील फिनाइलॲलनिनची पातळी ७ वरून १३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर गेली. त्या काळात कार्यालयातील साधा ई-मेलसुद्धा मला तीन-तीनदा वाचावा लागत होता. व्यायामशाळेतले प्रशिक्षक व्हे प्रोटीन (दुधातील प्रथिनांची पावडर) आणि मोड आलेले मूग सुचवतात. आत्याच्या मते मी "अंगाने भरले" आहे, तेव्हा काळजीचे कारणच नाही. पातळी न वाढू देता वजन कमी करण्याचा काही मार्ग आहे का?

आहारशास्त्र_ठाणे

आपण मोजून-मापून खात होता, तरी पातळी का चढली, हे आधी पाहू. प्रथिने केवळ ताटात नसतात, ती आपल्या स्नायूंतही असतात, आणि प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ५० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन असते. अन्न एकदम तोडले आणि त्यातच फॉर्म्युलाही सोडला, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते. समजा त्यातून २० ग्रॅम प्रथिने मोकळी झाली, तर तोंडात घासही न घालता १००० मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन रक्तात उतरते. आपल्या मर्यादेच्या हिशेबाने हा जवळजवळ तीन दिवसांचा वाटा झाला. तापात किंवा कडक उपवासात पातळी चढते तीही याच कारणाने.

म्हणून वजन कमी करताना फॉर्म्युल्याला सर्वांत शेवटी हात लावावा, आणि तोही आपल्या चिकित्सकांना विचारूनच. तो दिवसभरात विभागून, जेवणाबरोबर घ्यावा. काही डब्यांत साखर व स्निग्धांश बराच असतो. प्रौढांसाठी कमी उष्मांकांची पावडरही मिळते, तेव्हा प्रमाण घटवण्याऐवजी प्रकार बदलता येतो का ते विचारावे. वजन आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक उतरू देऊ नये आणि तेवढे दिवस रक्ताची तपासणी नेहमीपेक्षा लवकर-लवकर करावी. प्रशिक्षकांना नम्रपणे सांगावे की व्हे आणि मूग हे दोन्ही आपल्यासाठी वर्ज्य किंवा काटेकोर मोजून घ्यायचे पदार्थ आहेत. व्यायाम मात्र सोडू नये. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, तसेच जीवनसत्त्व बी-१२ चीही, कारण फॉर्म्युला चुकवणाऱ्या प्रौढांमध्ये ते कमी पडलेले आढळते.

साबुदाणा_बंद

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. आमच्या घरातली चूक सांगते, ती कदाचित आपल्याही घरात सापडेल. इतकी वर्षे आम्ही केवळ प्रथिने मोजली, त्यामुळे ज्यात प्रथिने नाहीत तो पदार्थ "मोकळा", असे घरात ठरूनच गेले होते. साबुदाण्यात प्रथिने नावालाच, पण १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात. दाण्याचे कूट चालत नाही, म्हणून खिचडीची चव मी तुपाने आणि बटाट्याने भरून काढत असे. एके दिवशी स्वयंपाकघरातला तुपाचा चमचा वजनकाट्यावर ठेवला, तर तो ५ नव्हे, १२ ग्रॅमचा निघाला. मी असे तीन चमचे घालत होते, म्हणजे तुपाचेच सव्वातीनशे उष्मांक, आणि ही खिचडी तो न्याहारीनंतर "थोडी" म्हणून खात असे! कमी प्रथिनांच्या पिठाची पोळी तुटते, म्हणून तिलाही तूप जास्त लागते. साखर घातलेले सरबत तर दिवसातून दोनदा होतेच.

आम्ही फॉर्म्युला आणि मोजलेला भात तसाच ठेवला. खिचडी आठवड्यातून एकदाच केली आणि दुधी, दोडका, कोहळा, काकडी यांचे प्रमाण दुप्पट केले. आमसुलाचे सार आता बिनसाखरेचे असते. आठ महिन्यांत ७ किलो उतरले आणि पातळी जागची हलली नाही.

बर्मिंगहॅमकर

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि मलाही पीकेयू आहे. ज्या बर्मिंगहॅम शहरात मी राहते तिथेच १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर होर्स्ट बिकेल यांनी पीकेयूच्या या कमी फिनाइलॲलनिनच्या आहाराचा पहिला प्रयोग केला, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. वजनाविषयी म्हणाल, तर काही अभ्यासांत पीकेयू असलेल्या स्त्रियांमध्ये स्थूलतेचे प्रमाण अधिक दिसले, काहींत इतरांपेक्षा फरक दिसला नाही. त्यामुळे आजार आहे म्हणून वजन वाढणारच, असे समजू नये.

एक बाब मात्र कोणी लिहिली नाही. युरोपातील मार्गदर्शक सूचनांनुसार १२ वर्षांनंतर पातळी ६०० मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत, म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत, चालते. परंतु गर्भधारणेपूर्वी आणि गरोदरपणात ती १२० ते ३६० मायक्रोमोलच्या आत ठेवावी लागते, कारण वाढलेली पातळी बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला अपाय करते. तसा विचार जवळपास असेल, तर वजनाचे काम त्याआधी सावकाश उरकून घ्यावे, गर्भधारणेच्या तोंडावर मुळीच सुरू करू नये.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे आभार. दुपारचा फॉर्म्युला आजपासून पुन्हा सुरू केला. काल रात्री आमचाही चमचा मोजला. तो १० ग्रॅमचा भरला आणि आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. आता एकच शंका उरली आहे. चहातील साखर सोडून गोड गोळ्या वापरल्या तर चालतील का?

आहारशास्त्र_ठाणे

वेष्टन वाचल्याशिवाय नकोत. ॲस्पार्टेम असेल तर गोळी परत ठेवावी, कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग फिनाइलॲलनिनचाच असतो. "शुगर-फ्री" शीतपेये आणि च्युइंगमही त्याच रांगेतले. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया चालेल. चहात दूध घालत असाल, तर तेही ३५० मध्ये धरावे.