९९९९९ की ९१६? संग्राह्य सुवर्णनाण्यांची शुद्धता

टाकसाळप्रेमी (चर्चाप्रस्ताव)
‘बावीस कॅरटचे नाणे म्हणजे भेसळ, संग्रह करायचा तर ९९९९९चाच’ असे येथील एका सदस्याने काल ठामपणे लिहिले, आणि ते मला सोडून देता येईना. (बावीस कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने; ९९९, ९९९९ आणि ९९९९९ म्हणजे अनुक्रमे ९९.९, ९९.९९ आणि ९९.९९९ टक्के सोने.) कॅनडाच्या टाकसाळीने १९८२ साली मेपल लीफ या सुवर्णनाण्याची शुद्धता ९९९वरून ९९९९ केली आणि पुढे काही विशेष नाणी ९९९९९ची काढली, हे खरे. परंतु एका औंसाच्या नाण्यात चार नऊ आणि पाच नऊ यांतला फरक तीन मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. तांबे मिसळूनही आत शुद्ध सोने पूर्ण औंसभर (३१.१ ग्रॅम) असावे, म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या बावीस कॅरटच्या क्रूगररँड नाण्याचे वजन ३३.९३ ग्रॅम ठेवलेले असते. मग भेसळ कुठे आली?

शंभरनंबरी
ते वाक्य माझेच आहे. बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून २०१७ साली चोरीला गेलेले शंभर किलोचे नाणे ९९९९९चे होते. सोने इतके शुद्ध करून दाखवणे हेच टाकसाळीचे कसब. ब्रिटनचे ब्रिटानिया नाणेसुद्धा २०१३ पासून बावीस कॅरट सोडून ९९९९वर आले. त्यांना काही कळत नाही असे आपले म्हणणे आहे काय?

आजीचीगिनी
आमच्याकडे १९१८ची गिनी आहे, मुंबई टाकसाळीची. सालाच्या वर त्या टाकसाळीची खूण म्हणून बारीक ‘आय’ (I) हे अक्षर आहे. आजीने ती वर्षानुवर्षे पदराच्या गाठीला बांधली, तरी घोड्याची आयाळ अजून बोटाला लागते. मऊ चोवीस कॅरटची असती तर केव्हाच गुळगुळीत झाली असती. अडचणीच्या काळात ती मोडायला नेली, तेव्हा सोनाराने ‘आय’ पाहिलाही नाही. बावीसचा भाव लावून वर आणखी घट (वजनातली कपात) धरली. आम्ही ती परत आणली.

शंभरनंबरी
म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. ९९९९ असते तर घट धरलीच नसती.

आजीचीगिनी
न विचारता निष्कर्ष काढू नका! त्याच पेढीवर माझ्या भावाचे मेपल लीफ डबीतून काढून माझ्या डोळ्यांदेखत कसोटीवर घासले. कडेला ओरखडा पडला, घटही धरली आणि घडणावळीचा पैसाही मिळाला नाही. चार नऊ तिथे कोणी मोजले?

टाकसाळप्रेमी
सोनाराची तक्रार रास्त आहे, पण तिच्यात शुद्धतेचा प्रश्न बाजूला पडतो आहे.

शंभरनंबरी
बाजूला पडलेला नाही. कसोटीवर घासणे अक्षम्यच आहे, आणि ‘भेसळ’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र ९९९९९चे नाणे हाताळण्यासाठी नसतेच, ते डबीतूनच पाहायचे असते. त्या मतावर मी ठाम आहे. गिनीचे छायाचित्र ‘आय’ स्पष्ट दिसेल असे येथे द्यावे.