चेटकिणींच्या कादंबऱ्या वाचून आपण फारच स्वस्तात निर्दोष सुटतो

गंगापूररोडकर :
आमच्या वाचनगटानं या पावसाळ्यात ‘चेटकिणींचे खटले’ हा विषय घेतला होता. दर पंधरा दिवसांनी एकीच्या घरी, चहा आणि भजी ठरलेली. पाच ऐतिहासिक कादंबऱ्या झाल्या. दोन अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या, एक स्कॉटलंडची, एक नॉर्वेची, एक जर्मनीची. तिसरीला कंटाळा आला, पाचवीला राग.

राग याचा, की पाचही नायिका सख्ख्या बहिणी वाटतात. झाडपाला जाणणारी, सुईणपण करणारी, गावाबाहेर एकटी राहणारी, देखणी, आणि विचारांनी थेट आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरची. गाव अडाणी, पाद्री विकृत. विसाव्या पानावर आपली बाजू ठरते आणि शेवटपर्यंत हलत नाही. शेवटच्या भेटीत एकजण म्हणाली, “मी तेव्हा असते तर तिच्या बाजूनं उभी राहिले असते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

घरी येऊन सेलमच्या खटल्यांचे मूळ कागद वाचायला बसले. ते इंटरनेटवर आहेत, कुणालाही वाचता येतात. १६९२ साली १० जूनला पहिली फाशी, २२ सप्टेंबरला शेवटच्या. म्हणजे आपला एक पावसाळा. तेवढ्यात १९ जण फासावर गेले, त्यांत ५ पुरुष. जाळलं कुणालाच नाही, तरी मुखपृष्ठावर ज्वाळा हव्यातच! आधी पकडलेल्या तिघींपैकी एक दारोदार मागून खाणारी, एक मालमत्तेच्या भांडणात अडकलेली, एक गुलाम. झाडपाल्याचं ज्ञान वगैरे काही नाही. कटकटी, गरीब किंवा नडणारी बाई, एवढंच.

मला झोप येऊ दिली नाही ती जाइल्स कोरी या म्हाताऱ्यानं. ऐंशीच्या आसपासचा शेतकरी. त्यानं आरोपाला उत्तर द्यायचंच नाकारलं म्हणून अंगावर दगड रचून त्याला मारलं. हुतात्माच की. पण मार्चमध्ये याच माणसानं स्वतःच्या बायकोविरुद्ध जबाब दिला होता. बैल आजारी पडला, मांजर विचित्र वागलं, प्रार्थना करताना शब्द फुटेना, असलं काहीबाही. तो दगडाखाली मेला आणि तीन दिवसांनी ती फासावर गेली.

आपण सगळ्या नायिकेच्या खुर्चीत बसतो. गावाच्या खुर्चीत कुणी बसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या कादंबऱ्या आपल्याला इतिहास शिकवत नाहीत, प्रमाणपत्र देतात.

अक्षरशत्रू :
चेटकीण म्हटलं की मला ‘अलबत्या गलबत्या’. कालिदास कलामंदिरात पहिल्या रांगेत बसून भोकाड पसरलं होतं, आईनं मध्यंतराआधीच बाहेर काढलं. बाकी चालू द्या. भजी कुणाकडे आहेत तेवढं सांगा.

दिंडोरीनाका :
ताई, पाच कादंबऱ्या वाईट निघाल्या म्हणून कादंबरी हा प्रकारच आरोपीच्या पिंजऱ्यात? हे जरा सेलमसारखंच झालं.

कागद वाचलेत ते उत्तम. पण ते कागद लिहिले कुणी? कोर्टाच्या कारकुनांनी. प्रश्न न्यायाधीशाचे, भाषा न्यायाधीशाची. टिटुबा ही गुलाम बाई त्या कागदांत बोलते ती मार खाऊन, मालकाच्या भीतीनं. तिला तुरुंगात त्या तेरा महिन्यांत काय वाटलं हे कुठल्या कागदात आहे? डोरोथी गुड नावाची चार-पाच वर्षांची पोर आईपाठोपाठ तुरुंगात गेली, बेड्या घालून. जबाबात तिची दोन-चार वाक्यं. जिथं कागद गप्प बसतो तिथंच कादंबरीचं काम सुरू होतं.

आणि ‘गावाच्या खुर्चीत कुणी बसत नाही’ म्हणता, तर गावही एकजात वाईट नव्हतं. रेबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली बाई. तिच्यासाठी ३९ शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. तेव्हा सही करणं म्हणजे पुढचं नाव आपलं येऊ शकतं हे माहीत असताना. ज्युरीनं तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. कोर्टानं त्यांना पुन्हा विचार करायला आत पाठवलं, आणि मग दोषी. तेव्हा तुमच्या मैत्रिणीनं ‘उभी राहिले असते’ म्हटलं तर ते अगदीच थाप नाही. उभे राहणारे होते.

गंगापूररोडकर :
३९ सह्यांचा मुद्दा मान्य. तो मी मुद्दाम वगळला नव्हता, पण वगळला गेला खरा.

तरी एक विचारते. त्या ३९ जणांवर कादंबरी का येत नाही? सही करावी की नको म्हणून रात्रभर बसलेला माणूस. मी वाचेन. बाजारात मिळते ती हिरवे डोळे आणि लव्हेंडरवाली.

जुना_वकील :
चाळीस वर्षं नाशिकच्या कोर्टात काढली, म्हणून पुराव्याबद्दल बोलतो.

सेलममध्ये ज्याला ‘छायेचा पुरावा’ म्हणता येईल तो ग्राह्य धरला गेला. म्हणजे फिर्यादी म्हणणार, या बाईची छाया रात्री येऊन माझा गळा दाबते. आरोपी म्हणणार, मी तर घरी झोपले होते. उत्तर तयार : देह घरी होता, छाया आली होती. आता याची उलटतपासणी करून दाखवा! आम्हाला उभ्या जन्मात जमली नसती.

दुसरी मेख याहून वाईट. कबूल केलं की जीव वाचायचा, नाकारलं की फास. सॅम्युएल वॉर्डवेलनं आधी कबुली दिली, मग मन खाऊ लागलं म्हणून मागे घेतली, आणि फासावर गेला. खरं बोलायची शिक्षा इतकी सरळ लिहिलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. ऑक्टोबरात गव्हर्नर फिप्सनं ते खास न्यायालयच बरखास्त केलं. पुढच्या न्यायालयात छायेचा पुरावा बाद झाल्यावर बहुतेक आरोपी सुटले.

कादंबरीकार इथंच हुकतात असं माझं मत. त्यांना राक्षस न्यायाधीश हवा असतो. मला भीती वाटते ती सुशिक्षित, देवभीरू, नियमानं चालणाऱ्या न्यायाधीशाची. सॅम्युएल सिवॉल त्यांतलाच एक. १६९७ मध्ये चर्चमध्ये भर सभेत उभं राहून त्यानं आपली चूक जाहीर कबूल केली. तो माणूस मला समजतो, आणि समजतो म्हणूनच झोप उडते.

तेव्हा ताईंशी निम्मा सहमत. निम्मा का, तर हे सगळं मी पहिल्यांदा एका नाटकातूनच ऐकलं. आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’, १९५३.

गंगापूररोडकर :
वकीलकाका, त्याच नाटकानं तर घोळ घातला! प्रत्यक्षात आरोप करणारी ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर आणि फासावर गेलेला जॉन प्रॉक्टर साठीचा. मिलरनं तिला सतरा वर्षांची केलं, त्याला तिशीतला, आणि दोघांचं लफडं जुळवलं. आता जगभर लोक समजतात की एका मत्सरी पोरीनं गाव पेटवलं. आपल्या गटातही एकीनं हेच सांगितलं, अगदी इतिहास म्हणून.

दिंडोरीनाका :
मिलरनं सुरुवातीच्या टिपणीतच सांगितलंय, की हे अभ्यासकांच्या अर्थानं इतिहास नाही, मुलीचं वय वाढवलंय. टिपणी न वाचता नाटक वाचणाऱ्याला मिलर काय करणार? शिवाय त्याला १६९२ पेक्षा स्वतःच्या काळातली कम्युनिस्टांची धरपकड सांगायची होती. नावं सांगा आणि सुटा, हा प्रकार दोन्हीकडे.

पंचवटीकर :
टिपणी कोण वाचतं हो! आपल्या इथलंच बघा. आनंदवल्लीवरून रोज किती गाड्या जातात. ते गाव ज्या आनंदीबाईच्या नावानं आहे तिच्याबद्दल काय माहीत असतं? ‘ध चा मा’. बास. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावाच्या माथी आला. पण बाईनं पत्रातलं ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ केलं ही गोष्ट बखरी, नाटकं आणि गप्पांनी शेकडो वेळा सांगितली. ते पत्र आणा म्हटलं तर कुणाकडे नाही. हाच की छायेचा पुरावा, वकीलसाहेब. नवरा खुनाचा सूत्रधार असूनही ‘राघोभरारी’, आणि शब्दकोशात कायमची अडकली ती बाई.

रंजक इतिहास बायकांना सोडवतो कमी, अडकवतो जास्त. मी ताईंच्या बाजूनं.

दिंडोरीनाका :
चूक. ‘ध चा मा’ कादंबऱ्यांनी जन्माला घातलं नाही. ते आधीच लोकांच्या तोंडी होतं. उलट आज आनंदीबाईची बाजू सामान्य वाचकापर्यंत न्यायची असेल तर शोधनिबंध पुरणार आहे का? कुणीतरी चांगली कादंबरीच लिहावी लागेल.

पंचवटीकर :
आणि तीत ती हिरव्या डोळ्यांची, झाडपाला जाणणारी असेल. 😀

जुना_वकील :
हरकत मंजूर.

घाटापलीकडे :
उशिरा वाचलं, इकडे रेंज नसते. मी सुरगाण्याच्या बाजूला शाळेवर आहे, अकरा वर्षं झाली. तुमचं ऐकून गंमतही वाटली आणि थोडं वाईटही.

इकडे चेटकीण म्हणत नाहीत. भुताळी म्हणतात. नंदुरबारकडे डाकीण. कुणाचं पोर तापानं गेलं, म्हैस आटली, की लोक भगताकडे जातात. भगत दाणे टाकून सांगतो. बरेचदा नावही घेत नाही, नुसती दिशा सांगतो. त्या दिशेला एकटी बाई राहत असली की झालं. आमच्या एका पाड्यावर असं झालं. मारहाण नाही, पोलीस नाही, पेपरात यावं असं काहीच नाही. फक्त तिच्या हातचं कुणी घेईना. तिचा नातू माझ्या वर्गात, त्याच्या शेजारी कुणी बसेना. मी बसवलं तर दुसऱ्या दिवशी तीन पोरं गैरहजर.

मी तुमच्यासारखं भरपूर वाचलेलं नाही. सेलमवरची एकच कादंबरी वाचली, मैत्रिणीनं दिलेली. तीही हिरव्या डोळ्यांचीच असेल. पण ती वाचताना मला ती बाई दिसली नाही, बाकीचे दिसले. पोर गेलेली आई दिसली. तिला मी तोवर अडाणी म्हणत होते. वर्षभरात गेलेलं तिचं ते दुसरं पोर होतं हो. तिला कारण पाहिजे होतं आणि मी ‘ताप होता’ एवढंच सांगत होते. डॉक्टर तर भेटलेच नव्हते. भगत निदान तासभर बसला तिच्याजवळ.

तेव्हा गंगापूररोडकर ताई, तुमचं खरं आहे की गावाच्या खुर्चीत बसायला पाहिजे. पण मी बसले ती कादंबरीमुळेच.

पंचवटीकर :
मॅडम, कायदा आहे ना आता?

जुना_वकील :
आहे. जादूटोणाविरोधी कायदा, २०१३. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला आणि त्यानंतर आधी वटहुकूम, मग डिसेंबरात कायदा. एखादी व्यक्ती करणी किंवा चेटूक करते असं जाहीर करणं हाही त्याखाली गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. पण मॅडम सांगतात त्यात कलम लावायचं कुठं? शेजारी न बसणं हा गुन्हा नाही.

घाटापलीकडे :
तेच. आणि तक्रार केली की उरलेलं गावही तिच्याशी बोलायचं थांबतं.

दिंडोरीनाका :
मॅडमनी माझं काम केलं, तरी एक भर घालतो. डांग आपल्याला लागूनच. तिथल्या आणि खानदेशातल्या १९व्या शतकातल्या इंग्रजी दप्तरात डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या नोंदी आहेत. अजय स्कारिया यांचा १९९७ चा लेख त्यावरच आहे. म्हणजे आपल्या उंबऱ्याशी कागद पडलेत आणि आपण भजी खात मॅसॅच्युसेट्सच्या बायकांसाठी रडतोय. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याकडे पेशवे आणि पानिपत. सुरगाण्याच्या पाड्यावरची बाई ‘इतिहास’ कधी होणार?

गंगापूररोडकर :
हा टोला मला लागला. परवाच्या भेटीत पाचही पुस्तकांवर अडीच तास बोललो, सुरगाणा हे नाव एकदाही निघालं नाही. इथून शंभर किलोमीटरही नाही.

माझं मत पूर्ण बदललंय असं नाही. घाटापलीकडच्या ताईंना कादंबरीत शेजारी दिसले, कारण त्यांच्या वर्गात तो नातू बसलेला होता. आमच्या शेजारी कुणी नव्हतं, म्हणून आम्हाला फक्त नायिका दिसली. पुस्तक तेच असेल कदाचित. पण मग पुस्तकाला श्रेय किती द्यायचं?

दिंडोरीनाका :
निम्मं द्या. वकीलकाकांसारखं.

अक्षरशत्रू :
मी सहसा असल्या धाग्यांवर टवाळी करून जातो. आज नाही. मॅडम, त्या मुलाचं पुढे काय झालं?

घाटापलीकडे :
येतो शाळेत. चौथीत आहे. आता एक मुलगी बसते त्याच्याजवळ, तिचं कुटुंब नुकतंच बाहेरून आलंय, त्यांना माहीत नाही अजून. आजीचा हंडा टाकीवर शेवटीच लागतो.

गंगापूररोडकर :
ताई, तुमच्याकडे पुस्तकं पाठवू का? गटातून वर्गणी काढून. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्यांसारखी छोटी पेटी करू.

घाटापलीकडे :
पाठवा. मराठीच पाहिजेत, इंग्रजी मलाच जड जातं. दीडशे पानांच्या आतली बघा. दुपारी चार-पाच बायका शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसतात, त्यांना मी वाचून दाखवते. ती पोर गेलेली आईही असते. तेव्हा पहिल्याच पानावर कुणी पाद्री वाईट, गाव अडाणी असं असेल तर ते नको. उठून जातात.