मदत हवी आहे : डिसेंबरच्या लग्नासाठी बेळगावात खोल्या, साइटवरून घ्याव्यात की थेट हॉटेलात?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलंय. कार्यालय टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ. मुलाकडची मंडळी पुण्याची, आमचे काका-आत्या मुंबईचे. दहा-बारा खोल्या लागतील. भाऊबंदांची सोय शेजारपाजारी होईल, पण व्याह्यांना कुठेही कमी पडू नये असं बाबांना फार वाटतं, आणि मलाही.

अडचण तारखेची. त्याच सुमारास इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार सगळे गावात उतरतात आणि चांगल्या हॉटेलांच्या खोल्या आधीच अडकतात. त्यात तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई.

साइटवर बघितलं तर एकच हॉटेल तीन ठिकाणी तीन भावांत. २,१५० ला दिसलेली खोली पैसे भरायच्या पानावर २,४९० झाली. वर तांबड्या अक्षरात 'फक्त १ खोली शिल्लक'. हे खरं धरायचं का? सवलत खरी कशी ओळखायची? आणि वऱ्हाडातली माणसं कमी झाली तर पैसे परत मिळतात का? ज्यांनी अशी व्यवस्था केली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

खानापूरकर

अभिनंदन! माझ्या मुलीच्या लग्नात हे सगळं केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

खोडलेला भाव बघूच नका. कर आणि साइटचं शुल्क धरून शेवटी येणारा आकडा कागदावर लिहा आणि त्याचीच तुलना करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. त्याच्या वर १८. म्हणजे तुमच्या २,१५० वर कर साधारण १०८ रुपये. बाकीची वाढ कशाची, ते त्या पानावर 'कर व शुल्क' उघडून बघा. कुठे विमा, कुठे देणगी आपोआप टिकमार्क केलेली असते, ती काढा. असं गुपचूप जोडणं, शेवटी भाव वाढवणं आणि खोटी घाई दाखवणं या तिन्ही गोष्टी केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मना आहेत. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

'१ खोली शिल्लक' म्हणजे बहुतेक वेळा त्या साइटला दिलेल्या खोल्यांपैकी एक. हॉटेल प्रत्येक साइटला थोड्या थोड्या खोल्या देतं. काउंटरवर विचारलं तर आणखी निघतात.

तीन साइट बघितल्या म्हणजे तीन दुकानं फिरलो असंही नाही. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो २०१७ पासून एकाच कंपनीचे, अगोडा आणि बुकिंग डॉट कॉम एकाच समूहाचे.

आता मुख्य गोष्ट. साइट हॉटेलकडून कमिशन घेते, म्हणून थेट गेलात तर मालकाला भाव सोडायला जागा असते. पूर्वी काही करारांत हॉटेलनं दुसरीकडे कमी भाव द्यायचा नाही अशी अट असायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींवर दंड केला आणि ती अट काढायला सांगितली. तेव्हा साइटवरचा शेवटचा आकडा मोबाइलवर दाखवून 'दहा खोल्या, दोन रात्री, नाश्ता धरून काय द्याल?' असं सरळ विचारा. एका खोलीला फारसं कोणी ऐकत नाही, दहाला ऐकतात.

तोपर्यंत हात रिकामे ठेवू नका. 'मोफत रद्द' असलेल्या खोल्या आजच साइटवर धरून ठेवा. रद्द करायची तारीख आणि वेळ दोन्ही वाचा आणि कॅलेंडरात घाला. परतावा खात्यात येणार की साइटच्या वॉलेटमध्ये, तेही बघा. वॉलेटमधले पैसे लग्नघराच्या काय कामाचे? थेट ठरलं की साइटवरचं लगेच रद्द करा, दुसऱ्या कुणाला तरी खोली मिळेल. हॉटेलला अॅडव्हान्स दिलात तर पावतीवर तारखा, खोल्यांची संख्या, भाव करासकट की वेगळा, हे सगळं लिहून घ्या.

निपाणीची वहिनी

एक गोष्ट राहिली भाऊ. काही हॉटेलं गावचं आधारकार्ड चालवून घेत नाहीत. साइटवर खाली नियमांत बारीक अक्षरात असतं, कुणी वाचत नाही. आमच्या भाच्याच्या लग्नात चिक्कोडीच्या मामांना रात्री अकराला काउंटरवर थांबवलं, कारण आधारवर बेळगाव जिल्हा. म्हातारा माणूस बॅग घेऊन उभा, बघवेना. इकडच्या पाहुण्यांची खोली असेल तर आधी फोन करून विचारून सोडा की.

आणि मुंबईची बस पहाटे येते, खोली मिळते दुपारी बाराला. दोन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्या, बायकांना आंघोळ करून नेसायला तरी होईल. नकाशा पण बघा. साइटवर 'बेळगाव' म्हणून गावाबाहेरचं, सांबऱ्याकडचं, काकतीकडचं पण दाखवतात. मुहूर्ताच्या वेळी गेट पडलं तर वऱ्हाड तिकडेच.

धागाकर्ता

खानापूरकर काका, वहिनी, मनापासून आभार. आधारचं तर डोक्यातच आलं नसतं. आमचे खानापूर, नंदगडचे पाहुणे त्याच हॉटेलात ठेवणार होतो. मोफत रद्द होणाऱ्या सहा खोल्या आत्ताच धरल्या. उद्या बाबांना घेऊन टिळकवाडीतली हॉटेलं प्रत्यक्ष बघून येतो. अजून एक विचारायचंय : लहान मुलांची जादा गादी साइटवर आधी घेतलेली बरी की हॉटेलात सांगितलेली?

खानापूरकर

हॉटेलातच सांगा, पण गादीचा भाव त्याच पावतीवर लिहून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लावत नाहीत. मात्र साइटवर माणसं भरताना मुलांची वयं खरी भरा, नाहीतर तिथे गेल्यावर वाद होतो.