कूलरचा सीझन लागायच्या आधी कामं कोणाकडे आणि कशी सोपवायची?

कूलरवाला_हिंगणा

हिंगणा एमआयडीसीत लोखंडी बॉडीचे डेझर्ट कूलर बनवतो. एकूण 14 माणसं: कटिंग-बेंडिंगवर 4, वेल्डिंग आणि पेंटवर 3, फिटिंगला 4, सर्व्हिसला 2 आणि ऑफिसात एक ताई. सीझनमध्ये दिवसाला 12 नग निघतात. मागणी त्याहून जास्त आहे, पण पत्रा मीच आणतो, भाव मीच सांगतो, तक्रारीचे फोन मीच घेतो आणि बँकेचा ओटीपीही माझ्याच फोनवर येतो. एप्रिलमध्ये मी अर्धा दिवस बाहेर गेलो की काम तिथंच अडून राहते.

पोळा झाला, आता डिसेंबरपर्यंत जरा श्वास घ्यायला वेळ आहे. फोरमनचा हात एक नंबर, पण कागद-पेन दिसला की पळतो. ऑफिसातल्या ताई हिशेबाला पक्क्या, पण पत्र्यातलं कळत नाही. आधी काय सोडू, कोणाला देऊ आणि पैशाची मर्यादा किती ठेवू?

शॉपफ्लोअर_वाडी

वेळ बरोबर धरली भाऊ. होळीनंतर कोणी कोणाला शिकवत नसते, तेव्हा फक्त ओरडणं होते.

पहिले आठ दिवस काहीच सोपवू नका. खिशात छोटी वही ठेवा. कोणी काही विचारायला आलं की एक ओळ लिहायची: कोणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. आठवड्यानंतर वही वाचली की दिसेल, निम्म्याहून जास्त प्रश्नांना तुमचं उत्तर दर वेळी तेच असते. ते प्रश्न आधी द्या. उरलेल्यांसाठी दोन गोष्टी बघा: चूक झाली तर किती रुपयांची, आणि ती किती वेळात कळेल. पंप चुकीचा आला तर संध्याकाळपर्यंत कळते आणि बदलता येते. अर्थिंग चुकलं तर ते गिऱ्हाइकाच्या घरी कळते. पहिल्या जातीचं काम ऑक्टोबरमध्येच सोडा. दुसऱ्या जातीचं काम एका माणसाच्या हाती कधीच सोडू नका, तुमच्याही नाही.

खरेदी सोपवताना सगळ्यात जास्त घोळ तोंडी सांगण्यात होतो. 'चांगला 24 गेज आण' ही ऑर्डर नाही. ब्रिटिश तक्त्यात 24 गेज म्हणजे 0.56 मिमी, अमेरिकन गॅल्व्हनाइज्ड तक्त्यात तोच 0.70 मिमी. व्यापारी सोयीचा तक्ता धरतो आणि बोलणी आणणाऱ्याला बसतात. ऑर्डरवर मिलीमीटर लिहा, आणि माल उतरवून घेणाऱ्याला मायक्रोमीटर व वजनकाटा द्या. 8 बाय 4 फुटांची 0.56 मिमीची शीट साधारण 13 किलो भरते, 0.50 ची पावणेबारा. गठ्ठ्यातल्या कोणत्याही तीन शीट वजन करायच्या. पत्रा किलोवर घेत असाल तर पातळ शीटमध्ये बिलाचा तोटा दिसत नाही, पण बॉडी थरथरते आणि तक्रार मेमध्ये येते.

पंप, मोटर, फ्लोट वाल्व यांची 'आता मागवा' पातळी पेंटने रॅकवरच लिहून टाका. हिशोब सोपा: रोजचा वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक दोन दिवसांचा साठा. रोज 12 पंप, माल 4 दिवसांनी येत असेल तर 48 अधिक 24, म्हणजे 72. रॅकवर 72 उरले की ताईंनी फोन करायचा, तुम्हाला विचारायचं नाही. रोजचे नग 12 वरून 18 झाले की आकडा 108 करायचा. हे बदलायचं राहून जाते आणि मग ऐन नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पंप नाही म्हणून 30 बॉड्या उभ्या राहतात.

इतवारी_ठोक

वरचं सगळं पटलं, एक सोडून. ऑर्डर देणं, माल मोजून घेणं आणि बिल पास करणं ही तीन कामं तीन हातांत हवीत. ऑर्डर ताई देतील, माल फोरमन मोजेल, बिल तुम्ही पास कराल. ऑर्डरचा कागद, गेटवरची पावती आणि बिल, तिन्हींचा आकडा जुळला तरच पैसे. हे कोणावर अविश्वास म्हणून नाही. एकाच माणसाकडे तिन्ही असली की वर्षभरात कधी तरी शंका येतेच, आणि मग चांगला माणूस विनाकारण बदनाम होतो.

फोरमनला लिहायला लावू नका. तो लिहिणार नाही आणि चार दिवसांत तुम्ही चिडाल. त्याला फळा द्या: किती बॉड्या कापल्या, किती पेंटमधून आल्या, किती अडल्या. संध्याकाळी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला की ताई एक्सेलमध्ये भरतील. उत्तम कारागिराला सुपरवायझर केलं की बरेचदा कारागीर जातो आणि सुपरवायझर मिळत नाही. तुमच्या फोरमनला 'माल पास की नापास' हा शब्द द्या. आणि त्याने नापास केलेला नग 'आज गाडी निघायची आहे' म्हणून तुम्ही पास करायचा नाही. एकदा केला की त्याचा शब्द संपला.

सुट्या खर्चाला 10,000 ची बंधी पेटी ठेवा. पेटीतली रोकड अधिक व्हाउचर, बेरीज केव्हाही 10,000 च भरली पाहिजे. रोकड 3,000 वर आली की व्हाउचर देऊन पेटी पुन्हा भरायची. एका खरेदीला 2,000 पर्यंत विचारायची गरज नाही. मर्यादा 200 ठेवली तर ड्रिल बिटसाठीही तुम्हालाच फोन येईल.

सर्व्हिस_सक्करदरा

माझ्या मते आधी फोन सोडा, खरेदी नंतर. मालकाचा दिवस तुकड्या-तुकड्यांत फोनच खातो.

तक्रारीसाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. मुख्य फोनशिवाय चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे ताई आणि दोन्ही सर्व्हिसवाले एकच चॅट बघतील. जुना नंबर लगेच बंद करू नका, सीझनभर त्यावर नव्या नंबरचा ऑटो-मेसेज राहू द्या.

मग फोन घेणाऱ्यासमोर एक कार्ड चिकटवा. हवा थंड नाही: खिडकी उघडी आहे का विचारा, कारण बंद खोलीत कूलर दमटपणाच वाढवतो, खिडकी उघडी असेल तर ताट्यांवर (कूलरच्या बाजूंच्या लाकडी तंतूंच्या, म्हणजे वूडवूलच्या पॅडवर) पांढरा क्षार बसला का विचारा, बोअरच्या पाण्यात तो लवकर बसतो. पाणी फेकतो: ताटी खाली सरकली किंवा वरच्या नळीतून पाणी जास्त येते. पंप आवाज करतो पण पाणी चढत नाही: जाळीत वूडवूलचे तंतू अडकलेत, प्लग काढून साफ करायला सांगा. यातल्या बऱ्याच तक्रारी फोनवरच मिटतात आणि एक खेप वाचते.

'करंट लागतो' हा फोन मात्र वेगळा. मेन बंद करा, कूलरला हात लावू नका, टँकमध्ये पाणी भरू नका, आणि माणूस त्याच दिवशी जाईल. 'टेस्टर लावून पाहा' असं गिऱ्हाइकाला सांगायचा अधिकार कोणालाच नाही. हा फोन आला की तुम्हालाही कळलंच पाहिजे, रात्री अकरा वाजले तरी. बाकीचे सकाळी यादीत दिसले तरी चालते.

लेखापाल_धरमपेठ

पैशाच्या बाजूचं सांगतो. ओटीपी दुसऱ्याला फोनवर वाचून दाखवणं म्हणजे काम सोपवणं नाही. बँकेकडून चालू खात्यावर दोन यूजर घ्या: एक पेमेंट तयार करणारा, एक मंजूर करणारा. ताई दिवसभर पेमेंट भरून ठेवतील, तुम्ही संध्याकाळी एकदा बसून मंजूर करा. कोरे सही केलेले चेक कपाटात ठेवायचे नाहीत. डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह आणि त्याचा पासवर्ड एकाच्याच ताब्यात नको.

टॅलीत ताईंना वेगळा यूजर द्या, मागच्या तारखेची एन्ट्री करायचे दिवस मर्यादित करा आणि एडिट लॉग असलेली आवृत्ती वापरा. तारखा भिंतीवर लावा: टीडीएस (कापलेला आयकर) 7, जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरण) दर महिन्याला भरत असाल तर 11, ईएसआयसी (कामगार विमा) 15, 3बी (जीएसटी भरण्याचं विवरण) 20. प्रत्येक तारखेच्या तीन दिवस आधी 'तयार आहे' एवढा मेसेज ताईंकडून आला पाहिजे. तो आला नाही तर विचारायचं, आला तर विचारायचं नाही.

गाड्या भरणाऱ्याला ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) नीट समजावा, इथे नागपूरकर फसतात. महाराष्ट्रात माल जातो तेव्हा मर्यादा 1 लाख, राज्याबाहेर 50,000. अमरावतीला 80,000 चे कूलर पाठवले तर नको, छिंदवाड्याला तेवढेच पाठवले तर हवं. अंतर जवळजवळ सारखं, म्हणून माणूस गाफील राहतो. आणि एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, हे पेटी सांभाळणाऱ्याला माहीत हवं.

कूलरवाला_हिंगणा

फळा आणि बंधी पेटी याच आठवड्यात सुरू करतो. एक अडचण राहिली. ठोकवाले गिऱ्हाईक ताईंशी बोलतच नाहीत, 'शेटला फोन द्या' म्हणतात. आणि ताईंनी सांगितलेला भाव मी 300 नी कमी करून देतो, कारण माणूस जुना असतो.

इतवारी_ठोक

दुखणं तिथंच आहे. तुम्ही 300 सोडले की दुसऱ्या दिवसापासून अख्खा बाजार तुम्हालाच फोन करते.

तीन भाव लिहून ताईंना द्या: यादीचा भाव, 10 नगांवरचा भाव आणि त्याखाली जायचं नाही असा भाव. यादीपासून या शेवटच्या भावापर्यंत ताई स्वतः बोलतील. जुन्या 15-20 ठोकवाल्यांना डिसेंबरात तुम्हीच फोन करा: 'यंदा ऑर्डर ताई घेतील, भाव त्यांच्याकडेच मिळेल.' तरी फोन आलाच तर गप्पा मारा, तब्येत विचारा, आणि भावाला 'ताई सांगतील तोच' म्हणा. जुन्या माणसाला काही द्यायचंच असेल तर ताईंच्या हातून जाऊ द्या.

शॉपफ्लोअर_वाडी

दोन गोष्टी राहिल्या. जबाबदारी वाढवली तर पगारही आत्ताच वाढवा, दिवाळीच्या आधी. काम दुप्पट आणि पगार तोच असला की शिकवलेला माणूस मार्चमध्ये शेजारच्या शेडमध्ये दिसते, आणि तेव्हा दुसरा मिळत नाही.

दुसरं, अर्थिंगचं. प्रत्येक नगावर दोन सह्या: फिटिंगवाल्याची आणि फोरमनची. 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून मोटर आणि पंप दोन्हींची वायर बॉडीशी तपासायची, 2 मेगाओहमच्या खाली आलेला नग बाजूला. मग बॉडीपासून प्लगच्या जाड (अर्थिंगच्या) पिनपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का ते, आणि ती पेंट खरवडलेल्या जागी घ्यायची. पेंटवर टेकवून घेतलेलं रीडिंग खोटं येते आणि चांगला नग नापास होतो, मग पोरं कंटाळून तपासणंच सोडतात. फोरमनला लिहायचं नाही ना, त्याला रबरी शिक्का द्या.