शब्दचर्चा : 'डंपिंग'ला मराठीत काय म्हणावं? (बिस्किटं, पास्ता आणि आयातशुल्क)

मैदाचाळणी :
बेकरीवाल्यांच्या एका मासिकासाठी लेख मराठीत करतेय. परदेशातून येणारी बिस्किटं, रस्क, केक त्यांच्या घरच्या भावापेक्षा कमी भावात किंवा तिथल्या सरकारच्या पैशाच्या जोरावर इथे येत असतील, तर त्याची चौकशी कशी होते, असा विषय आहे. डंपिंग, काउंटरव्हेलिंग ड्यूटी, मटेरियल इंज्युरी आणि लाइक प्रॉडक्ट या शब्दांवर अडले आहे. यंत्राच्या कच्च्या भाषांतरात 'भौतिक दुखापत' आलंय, ते तर वाचवत नाही. वाचणारे लोक भट्टीपुढे उभे राहणारे आहेत, वकील नव्हेत. सुचवा.

कोशवाचक :
डंपिंगला मराठी विश्वकोशात 'अवपुंजन' आहे. पुंज म्हणजे ढीग. केंद्र सरकारच्या हिंदी कागदांत 'पाटनरोधी शुल्क' असतं, पण 'पाटन' मराठीत आणू नये असं माझं मत. वाचणाऱ्याला साताऱ्यातला तालुका आठवेल. वर्तमानपत्रं सरळ 'अँटी-डंपिंग शुल्क' लिहितात.

भट्टीवाले :
ताई, अवपुंजन लिहिलंत तर आमच्यातला एकही माणूस पुढची ओळ वाचणार नाही. आणि नुसतं 'डंपिंग' म्हटलं की मुंबईकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे देवनारचा कचरा येतो. त्याला वाटतं की खराब, मुदत संपत आलेला माल इथे आणून ओततात.

बंदरकाठ :
भट्टीवाले, तुम्ही म्हणता तो गैरसमज फार खोलवर आहे. आयातदारांची कागदपत्रं करण्यातच माझा दिवस जातो, आणि अगदी शिकलेली माणसंही म्हणतात, 'माल चांगला आहे, मग डंपिंग कसं?' डंपिंगचा मालाच्या दर्जाशी काहीही संबंध नाही. आणि फक्त स्वस्ताईशीही नाही. शब्द निवडण्याआधी हे मनात पक्कं हवं.

कल्पनेतलं उदाहरण घेऊ. एका देशातला कारखाना आपल्या गावात बिस्किटं १२० रुपये किलोने देतो, कारखान्याच्या दारात. तीच बिस्किटं न्हावा-शेवाला १०० रुपयांनी उतरतात. त्यातलं जहाजभाडं, विमा, बंदराचा खर्च असे १० रुपये वजा केले की कारखान्याच्या दारातला निर्यातभाव उरतो ९०. १२० आणि ९० यांतला ३० रुपयांचा फरक, हेच डंपिंग. तो निर्यातभावाच्या टक्केवारीत मांडतात, म्हणजे इथे ३३ टक्क्यांच्या आसपास. २ टक्क्यांच्या आत असेल तर चौकशी तिथेच थांबते.

आता दुसरा एखादा देश तीच बिस्किटं इथे ७० रुपयांना आणतो, पण स्वतःच्या घरीही त्याच हिशोबाने विकतो. तो आपल्या बेकऱ्यांचं कंबरडं मोडेल, तरी कायद्याच्या भाषेत ते डंपिंग नाही. म्हणून 'स्वस्त आयात', 'मातीमोल भावाने विक्री', 'तोट्यातली विक्री' हे सगळे शब्द चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतात. तुलना आहे ती त्याच्या घरच्या भावाशी. माझी सूचना : शब्द 'डंपिंग' ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'घरभावापेक्षा कमी भावात केलेली निर्यात' असं फोडून सांगा. या घरच्या भावाला कायद्यात 'नॉर्मल व्हॅल्यू' म्हणतात, त्याला सरकारी शब्द 'सामान्य मूल्य' आहे, पण 'घरभाव' म्हटलं की भट्टीवाल्यांना एका झटक्यात कळेल.

भट्टीवाले :
घरभाव चालेल. आम्ही गावातल्या दुकानाला एक भाव लावतो आणि बाहेरगावच्या एजंटला दुसरा, त्यामुळे हे लगेच समजतं.

मैदाचाळणी :
'घरभाव' घेतला. आता काउंटरव्हेलिंग. मी 'भरपाई शुल्क' लिहिलं होतं.

बंदरकाठ :
'भरपाई' नको. वाचणाऱ्याला वाटेल की ते पैसे नुकसान झालेल्या बेकरीला मिळतात. ते सरकारी तिजोरीत जातात. अमेरिकेने २००० साली कायदा करून असं शुल्क खरोखरच तक्रारदार कारखान्यांना वाटायला सुरुवात केली होती. जागतिक व्यापार संघटनेने २००३ साली ते नियमबाह्य ठरवलं आणि २००६ साली अमेरिकेने तो कायदा रद्द केला. म्हणजे 'भरपाई' हा अर्थ जगाने विचार करून बाजूला ठेवलेला आहे.

'प्रतिकारी शुल्क' बरं, किंवा सरळ 'अनुदानविरोधी शुल्क'. मी दुसरा घेईन. डंपिंग कारखाना करतो, अनुदान सरकार देतं, हा फरक नावातच दिसतो.

एक सावधगिरी. आपल्याकडे जुने आयातदार 'सीव्हीडी' (काउंटरव्हेलिंग ड्यूटीचं लघुरूप) म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात वेगळंच काही असतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत देशातल्या अबकारी कराइतकं जे जादा शुल्क आयातीवर लागायचं, त्यालाही सगळे सीव्हीडीच म्हणत. त्याचा परदेशी अनुदानाशी संबंध नव्हता. खरं अनुदानविरोधी शुल्क सीमाशुल्क दरपत्रक कायदा, १९७५ च्या कलम ९ खाली येतं, आणि डंपिंगविरोधी कलम ९अ खाली.

कोशवाचक :
मग 'परतावा' अनुदानात मोडतो का? आपले निर्यातदारही शुल्कपरतावा घेतात.

बंदरकाठ :
भरलेलं शुल्क तेवढंच परत मिळालं तर ते अनुदान नाही. भरलं त्यापेक्षा जास्त मिळालं तर वरचा भाग अनुदान. पण युरोपात वर्षानुवर्षं 'निर्यात परतावा' नावाने जे चाललं ते निराळं होतं. तिथला गहू, साखर, लोणी जगाच्या बाजारापेक्षा महाग. म्हणून बिस्किटात, पास्त्यात किती पीठ, किती साखर, किती लोणी गेलं याचा हिशोब करून निर्यातदाराला फरकाची रक्कम मिळायची. नाव परतावा, काम अनुदानाचं. १९८५ साली, लिंबूवर्गीय फळांच्या आयातीत युरोप काही देशांना देत असलेल्या सवलतींच्या भांडणात, अमेरिकेने युरोपच्या पास्त्यावरचं शुल्क वाढवलं आणि युरोपने उलट अमेरिकेच्या लिंबांवर आणि अक्रोडांवर वाढवलं. डिसेंबर २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबीतल्या बैठकीत शेतमालावरची निर्यात-अनुदानं बंद करण्याचं ठरलं. लेखात परताव्याचे हे दोन अर्थ वेगळे करून सांगाच, नाहीतर आपला निर्यातदार उगाच गुन्हेगार ठरेल.

टोरांटोकर :
पास्त्याचा विषय निघाला म्हणून. २०१८ साली तुर्कस्तानच्या सुक्या पास्त्यावर कॅनडात अशी चौकशी पुरी झाली, डंपिंग आणि अनुदान दोन्हींची. इथे भाव आणि अनुदान तपासते सीमा सेवा संस्था, आणि इथल्या कारखान्यांचं नुकसान झालं का हे बघतो वेगळा न्यायाधिकरण. दोन्हींचा निकाल 'हो' आला तरच शुल्क टिकतं. भारतात कसं?

बंदरकाठ :
आपल्याकडे दोन्ही गोष्टी वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय तपासतं. २०१८ पासून हे नाव आहे. पण ते फक्त शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं. म्हणून 'महासंचालनालयाने शुल्क लावले' असं कधी लिहू नका, वर्तमानपत्रांत ही चूक सर्रास दिसते.

आणि 'इंज्युरी'. इथे 'मटेरियल'चा अर्थ भौतिक नाही, दखल घेण्याजोगी. 'लक्षणीय हानी' लिहा. 'नुकसान' म्हटलं तर बेकरीवाला वहीतला तोटा समजेल, पण कायदा त्यापलीकडे बघतो : विक्री घटली का, भट्टी निम्मी रिकामी राहिली का, माल गोदामात पडून आहे का, कामगार कमी करावे लागले का, भाव वाढवायला हवे होते तेव्हा वाढवता आले नाहीत का. नफ्यात चाललेल्या कारखान्याचीही हानी होऊ शकते. आणि ती त्या आयातीमुळेच झाली हे दाखवावं लागतं. मैदा महागला म्हणून धंदा बसला असेल तर ते कारण आयातीच्या माथी मारता येत नाही.

भट्टीवाले :
हे आमच्यासारख्यांनी सिद्ध कसं करायचं? माझ्याकडे किती ट्रे खारी निघाली याची वही आहे, पण दर किलोला गॅस किती, मजुरी किती, हे वेगळं कुणी लिहितं का?

बंदरकाठ :
अडचण खरी आहे, आणि माझ्या मते या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय तोच आहे. तक्रार देशी उद्योगाच्या वतीने असावी लागते. मत देणाऱ्या उत्पादकांच्या उत्पादनात पाठिंबा देणाऱ्यांचा वाटा निम्म्याहून जास्त हवा, आणि तो देशाच्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवा. पोलाद-रसायनांत चार कंपन्या एकत्र आल्या की झालं. गल्लोगल्ली विखुरलेल्या बेकऱ्यांनी कसं जमवायचं? ताई, लेखात शब्दांच्या बरोबरीने हेही लिहा. नगावार, महिनावार खर्चाची नोंद आजपासून ठेवा, संघटनेमार्फत एकत्र करा. चौकशीत आदल्या साधारण तीन वर्षांचे आकडेही मागतात, ते मागाहून तयार करता येत नाहीत.

मैदाचाळणी :
नक्की लिहीन, चौकट करून. राहिला 'लाइक प्रॉडक्ट'. 'समान वस्तू' की 'सदृश वस्तू'?

बंदरकाठ :
सदृश. हुबेहूब सारखी वस्तू नसेल तर गुणांनी अगदी जवळची असलेली चालते, आणि 'समान'मध्ये ती सवलत ऐकू येत नाही. भांडण इथेच असतं. परदेशी रस्क आणि आपला टोस्ट सदृश मानता येतील. रस्क आणि खारी? दोन्ही चहात बुडवतात, पण खारीत पदर सोडायला चरबी लागते, रस्क हा पाव दोनदा भाजून होतो. नानकटाई तर आणखी लांब. जकातीच्या शीर्षकाचा, म्हणजे सीमाशुल्क दरपत्रकातल्या वर्गाच्या क्रमांकाचा, इथे भरवसा धरू नये. १९०५ क्रमांकाच्या एकाच शीर्षकात पाव, केक, बिस्किटं तर आहेतच, शिवाय आपला पापड आहे, औषध भरायच्या रिकाम्या पुड्या आहेत.

मांडवीकाठ :
आणि चर्चमध्ये मिस्सेला देतात ती पातळ चकतीही त्याच शीर्षकात. आमच्या गोव्यातल्या पोदेराचा (पाववाल्याचा) उंडो, म्हणजे गोल पाव, आणि ती चकती एका ओळीत बघून नवल वाटलं होतं.

बंदरकाठ :
बरोबर. म्हणून चौकशीत 'विचाराधीन वस्तू'ची व्याख्या शब्दाशब्दाने लिहितात. अमेरिकेने १९९६ साली इटली आणि तुर्कस्तानच्या पास्त्यावर शुल्क लावलं तेव्हा व्याख्या केली : अंडं नसलेला सुका पास्ता, ५ पौंड किंवा त्याहून लहान पाकिटातला. लगेच प्रश्न सुरू झाले. बूच लावून, वर दोरी बांधलेल्या शोभेच्या काचेच्या बाटलीतला रंगीत पास्ता यात येतो का? १९९७ साली ठरलं की नाही, तो वगळला. मोठ्या पिशव्यांत आणून अमेरिकेत लहान पाकिटं भरायची वाटही शोधली गेली, आणि ती तपासून बंद करावी लागली. 'सर्कमव्हेन्शन'साठी 'पळवाट' हा आपला शब्द अगदी चपखल आहे. त्याला 'शुल्कचुकवेगिरी' म्हणू नका. चुकवेगिरीत खोटं लिहिलेलं असतं, पळवाटेत प्रत्येक कागद खरा असतो.

टोरांटोकर :
त्याच अमेरिकी प्रकरणात २०२५ साली ९१.७४ टक्के डंपिंगविरोधी शुल्काचा दर वाचला. घरभावात एवढा फरक असू शकतो?

बंदरकाठ :
तो हिशोबाने निघालेला फरक नव्हता. सप्टेंबर २०२५ च्या प्राथमिक निकालात दोन इटालियन कंपन्यांनी माहिती नीट दिली नाही असं अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने धरलं आणि प्रतिकूल आकडा लावला. ज्यांची वेगळी तपासणी झालीच नव्हती अशा इतर कंपन्यांनाही तो लागला. २०२६ च्या सुरुवातीला फेरहिशोबात त्या दोघींचे दर २.२६ आणि १३.९८ टक्क्यांवर आले. 'प्रतिकूल तथ्यांचा आधार' असं याचं भाषांतर दिसतं. मी 'माहिती न दिल्याचा दर' लिहीन. आणि जोडीला 'प्राथमिक' हा शब्द गाळू नका, बरेच मथळे तो गाळून छापले गेले होते.

कोशवाचक :
'सनसेट रिव्ह्यू' राहिला. 'सूर्यास्त आढावा' मी एका अहवालात वाचलंय.

बंदरकाठ :
शुल्काची मुदत सहसा ५ वर्षं. ती संपायच्या आधी बघतात की शुल्क उठवलं तर डंपिंग आणि हानी पुन्हा सुरू होईल का. 'मुदतअखेरची फेरतपासणी' लिहा.

मैदाचाळणी :
सगळ्यांचे आभार. यादी अशी धरते : डंपिंग (पहिल्यांदा फोड करून), घरभाव, अनुदानविरोधी शुल्क, लक्षणीय हानी, सदृश वस्तू, पळवाट, मुदतअखेरची फेरतपासणी. भट्टीवाले, खर्चाच्या नोंदीचा नमुना तक्ता तुमच्याकडून तपासून घेईन. किलोमागे गॅस, मैदा, वनस्पती तूप, मजुरी, पॅकिंग असे रकाने पुरतील ना?

भट्टीवाले :
मोडतोडीचा रकाना घाला. खारीत तो मोठा असतो.