दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ: रोमन-इराणी महायुद्धाचा (६०२-६२८) अर्थ एवढाच आहे का? (चर्चा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

ताम्रपट

इ. स. ६०२ ते ६२८ या काळात पूर्व रोमन, म्हणजेच बायझंटाइन, साम्राज्य आणि सासानी इराण एकमेकांशी लढत राहिले. तह झाल्यानंतर दशकभराच्या आत अरबी फौजांनी यार्मूक नदीच्या काठी रोमचे आणि कादिसियाच्या रणात इराणचे कंबरडे मोडले. 'दोघे लढून थकले आणि तिसऱ्याचे फावले' हे यावर नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण थकण्याची या दोन सत्तांना चांगलीच सवय होती. ५०२ ते ५९१ या नव्वद वर्षांत त्यांच्यात चार मोठी युद्धे झाली आणि ५४१ पासून प्लेगच्या साथी वारंवार येत राहिल्या, तरीही दोन्ही राज्ये उभीच होती.

ती उभी राहिली, कारण त्या युद्धांना एक अलिखित मर्यादा होती. दारा आणि निसिबिस यांसारखे सीमेवरचे किल्ले, आर्मेनियातला वाटा आणि सोन्याची खंडणी यांसाठी लढायचे आणि मग तह करायचा, असा तो व्यवहार होता. ५६२ च्या तहात रोमने दरवर्षी ३०,००० सुवर्णनाणी देण्याचे कबूल केले ते याच हिशेबाने.

६०२ मध्ये डॅन्यूब नदीपलीकडे हिवाळा काढण्याचा हुकूम मिळालेल्या रोमन सैन्याने बंड केले, फोकास नावाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला पुढे केले आणि सम्राट मॉरिसला त्याच्या मुलांसह ठार मारले. इराणचा शहेनशहा खुस्रो दुसरा याला ५९१ मध्ये गमावलेली गादी परत मिळाली होती ती याच मॉरिसच्या मदतीने. त्यामुळे उपकारकर्त्याच्या खुनाचा सूड हे त्याला आयते निमित्त सापडले. पण ६१० मध्ये हेराक्लियसने फोकासला मारून गादी घेतली, तेव्हा ते निमित्त संपले होते. तरीही खुस्रो थांबला नाही. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले आणि येशूला ज्यावर चढवले असे मानले जाई तो तिथला पवित्र क्रूस इराणला नेण्यात आला. ६१५ मध्ये रोमन राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या सिनेटने जवळजवळ शरणागतीच्या भाषेत पत्र पाठवले, तेही त्याने धुडकावले. मर्यादित शत्रुत्व कित्येक पिढ्या चालू शकते; जिंकत असताना तह नाकारण्याची किंमत मात्र पुढे दोन्ही राज्यांना मोजावी लागली, असे माझे मत आहे.

पूर्वरंग

असहमत. आपण सगळे ओझे एका राजाच्या हट्टावर टाकत आहात. ५९१ मध्ये गादी परत मिळवताना खुस्रोला दारा सोडावा लागला आणि आर्मेनियाचा मोठा भाग रोमला द्यावा लागला. रोमन सैन्याच्या आधाराने गादीवर बसलेला राजा ही त्याची प्रतिमा इराणी सरदारघराण्यांना डाचत असणार. अशा राजाला थोडे परत मिळवून थांबणे परवडत नाही. त्याची सत्ताच विजयावर तोललेली असते. ५९१ चा तह रोमच्या बाजूने इतका झुकलेला होता, की पुढच्या युद्धाचे बीज त्यातच पेरले गेले.

दुसरी बाजू पैशाची. मॉरिसने ५८८ मध्ये सैन्याच्या वेतनात कपात करण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही पूर्वेकडच्या फौजेने बंड केले होते. डॅन्यूबपलीकडे हिवाळा काढायचा तो शत्रूच्या मुलखावर पोट भरून, म्हणजे मुळात खर्च वाचवण्यासाठीच. खजिना रिकामा नसता तर ना बंड झाले असते, ना फोकास, ना खुस्रोला निमित्त मिळाले असते. हेतू आणि स्वभाव यांच्या आधी जमाखर्च पाहावा.

उलटतपासणी

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचताना असे वाटते, की अरब या कथेत केवळ शेवटच्या पानावर येतात. वस्तुस्थिती तशी नाही. वाळवंटाच्या कडेने दोन्ही साम्राज्यांनी एकेक अरब राजघराणे पोसले होते: रोमच्या बाजूला घस्सानी आणि इराणच्या बाजूला हीरा येथील लखमी. टोळ्यांना आवरणे, वाटाघाटी करणे, वेळप्रसंगी लढणे ही कामे ते करत. रोमने ५८१ च्या सुमारास घस्सानी राजा अल-मुंधिर याला पकडून नेले आणि त्या राज्याची घडी विस्कटली. खुस्रोने ६०२ च्या सुमारास लखमी राजा नुमान याला मारून ते घराणेच संपवले. पुढे धी कारच्या लढाईत अरब टोळ्यांनी सासानी फौजेचा पराभव केला, तेव्हा महायुद्ध अजून ऐन भरात यायचे होते.

म्हणजे सीमेवरचे कुंपण दोघांनी स्वतःच्या हातांनी उपटले आणि त्याचा या सव्वीस वर्षांच्या लढाईशी फारसा संबंध नव्हता. शिवाय ६३२-६३३ मध्ये बंडखोर टोळ्यांना नमवून मदिनेच्या नव्या मुस्लिम सत्तेने अरबस्तान प्रथमच एका आज्ञेखाली आणले आणि खालिद इब्न अल-वलीदसारखा सेनापती त्याच लढायांतून पुढे आला. समोरचे थकले होते म्हणून हे जिंकले, असे म्हणणे म्हणजे जिंकणाऱ्याचे राजकारण पूर्णपणे दुर्लक्षित करणे होय. या 'थकव्या'च्या सिद्धान्तात पराभूतांची बाजू सावरण्याचा वास मला नेहमी येतो.

ताम्रपट

उलटतपासणी यांचा कुंपणाचा मुद्दा वजनदार आहे. परंतु कुंपण मोडल्यामुळे टोळ्या आत का आल्या एवढेच त्यातून कळते. वाळवंटातून धाडी पूर्वीही येत असत. मात्र काही महिन्यांत फौज जमवून त्या परतवल्या जात. ६३४ नंतर त्या का परतवता आल्या नाहीत, हे समजण्यासाठी पुन्हा युद्धाकडेच यावे लागते.

इजिप्तचे उदाहरण घ्या. ६१९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया पडले आणि नाईलच्या काठचे धान्य कॉन्स्टँटिनोपलकडे जाणे थांबले. राजधानीतले मोफत पावाचे वाटप ६१८ मध्येच बंद करावे लागले होते. त्याआधी ६१५ मध्ये नवे चांदीचे नाणे काढून सरकारी वेतन निम्म्या दराने देण्यात आले आणि पुढे ६२२ च्या मोहिमेसाठी चर्चची भांडी वितळवून नाणी पाडली गेली. इराणी सैन्य इजिप्त सोडून गेले ते ६२९ मध्ये. सीरियात तर काही शहरे पंधरा वर्षांहून अधिक काळ इराणी अमलाखाली होती. तिथल्या तरुणाला रोमन अधिकारी, रोमन करवसुली आणि रोमन फौज ही केवळ वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली गोष्ट होती. त्यात ख्रिस्ताच्या स्वरूपावरून तिथल्या बहुसंख्य ख्रिश्चनांचे राजधानीच्या चर्चशी जुने वितुष्ट. हेराक्लियसने ६३० मध्ये क्रूस जेरुसलेमला परत नेला खरा. परंतु सोहळ्याने कारभार परत येत नाही. कारभाराची घडी बसवायला त्याला जेमतेम चार वर्षे मिळाली.

सनावळी

एक छोटी भर. ६३२ मध्ये गादीवर बसलेला यझदगर्द तिसरा हा शेवटचा सासानी राजा. आपल्याकडचे पारशी ज्या यझदगर्दी सनाने आजही वर्षे मोजतात, तो सन याच्याच राज्यारोहणापासून सुरू होतो. इतक्या अपयशी कारकिर्दीवरून कालगणना का चालावी, तर पुढे नवा शक सुरू करायला राजाच उरला नाही.

पूर्वरंग

सनावळी यांच्या भरीमुळे मूळ प्रस्तावातली खरी अडचण समोर येते. तहाची संधी गमावणे हेच जर विनाशाचे कारण असेल, तर दोन्ही साम्राज्यांचा शेवट सारखाच व्हायला हवा होता. तसे झाले नाही. रोमने सीरिया आणि इजिप्त गमावले, पण आशिया मायनर राखले आणि ते राज्य १४५३ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात चालले. इराणची राजसत्ता मात्र ६५१ मध्ये यझदगर्द मर्वजवळ मारला गेला तेव्हा समूळ संपली.

हा फरक मला भूगोलात आणि वारसाहक्कात दिसतो. ६२६ मध्ये डॅन्यूबकडच्या अवार टोळ्यांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा इराणी सेना समोरच्या काठावर होती. पण रोमन आरमारामुळे तिला मधली सामुद्रधुनी ओलांडता आली नाही. टेसिफोन ही इराणची राजधानी टायग्रिसच्या सपाट मुलखात, वाळवंटाच्या सीमेपासून फार दूर नव्हती. ती पडली आणि सर्वात संपन्न प्रांताचा महसूल तिच्याबरोबर गेला. त्यात ६२८ मध्ये खुस्रोचा मुलगा कवाध याने बापाला पदच्युत करून मारले, भावांचीही कत्तल केली आणि त्याच वर्षी तो स्वतः मेला. पुढच्या चार वर्षांत गादीवर किती जण बसले आणि उतरले, याची यादी करताना इतिहासकारही दमतात.

ताम्रपट

पण ती कत्तल तरी कुठून आली? डिसेंबर ६२७ मध्ये निनेव्हेजवळ इराणी सैन्याचा पराभव झाल्यावर हेराक्लियस खुस्रोच्या दस्तगर्द येथील राजवाड्यापर्यंत पोहोचला, तेव्हाही खुस्रोने तह नाकारला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्याच सरदारांनी त्याला कैद करून मुलाला गादीवर बसवले, आणि कवाधने पहिले मोठे काम केले ते तहाचे. सरदारघराण्यांना विजयी राजा हवा होता, हे आपलेच म्हणणे. मग त्याच घराण्यांना ६२८ मध्ये युद्ध थांबवण्यासाठी राजा मारावा लागला, याचा अर्थ आपण कसा लावता?

पूर्वरंग

हरणारा राजा त्यांना नकोसा झाला, इतकाच. तोच खुस्रो ६१५ मध्ये तह नाकारत होता, तेव्हा या घराण्यांपैकी एकानेही त्याचा हात धरला नव्हता.